उलाऊचा डावा कोयता

बाराम नदीच्या वरच्या अंगाला, लाँग सेबातूच्या लांबघरात चाळीस बिऱ्हाडं एकाच ओसरीवर नांदतात, आणि त्या चाळीस बिऱ्हाडांत डावखुरी एकटी उलाऊ. डाव्या हाताने ती भात वाढते, डाव्या हाताने मणी ओवते, डाव्या हाताने माशाचे खवले काढते. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पण जून उजाडला, डोंगरउतारावरचं रान तोडून भातासाठी जागा मोकळी करायचे दिवस आले, की तिच्या डाव्या हाताची सगळ्यांना एकदम आठवण होते.

त्याला कारण कोयता. या नदीकाठच्या केन्या जमातीच्या लोकांचा कोयता म्हणजे बाजारात पिंपात उभे करून विकतात तसलं सरळसोट पातं नव्हे. त्याची एक बाजू पोटासारखी किंचित फुगीर, दुसरी तळहातासारखी किंचित खोलगट. उजव्या हाताने तिरका वार केला की पातं वेलीत रुतून खाली जमिनीकडे जातं. तोच कोयता डाव्या हातात घेतला की वेलीवरून घसरतो आणि भलतीकडे उडतो. भलतीकडे म्हणजे शेजाऱ्याकडे.

म्हणून एकमेकांच्या रानात लांबघरातली माणसं मिळून तोडणीला जातात, तेव्हा ती उतारावर आडवी ओळ धरतात, दीड-दीड हातावर. उलाऊ मात्र नेहमी ओळीच्या टोकाला, घळीच्या कडेला, काट्यांत. तिच्या आणि तिच्या शेजारणीच्या मध्ये आणखी तीन माणसं मावतील एवढी जागा. कोणी ठरवून केलेलं नाही, कोणी तोंडाने बोलतही नाही. ओळ लागते आणि जागा आपोआप पडते.

त्या मोकळ्या जागेत आयुष्यात एकच माणूस उभा राहिला होता. बावीस वर्षांचा इंगान खालच्या गावाहून पाहुणा म्हणून आला होता. त्याला वाटलं, काय भली माणसं, पाहुण्याला ऐसपैस जागा ठेवली! तिसऱ्याच वाराला उलाऊचा कोयता वेलीवरून सटकला आणि इंगानच्या पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कापून गेला. पानात बांधलेला त्याचा भात उतारावरून गडगडत थेट ओढ्यात. उलाऊने शरमेने आपला भात त्याला दिला. त्याने तो चाटूनपुसून खाल्ला आणि विचारलं, "उद्या पण याच जागी उभा राहिलो तर चालेल?" पुढच्या हंगामात लग्न झालं. अजूनही इंगान पाहुण्यांना सांगतो, "हिच्या शेजारी उभं राहायची छाती माझी एकट्याची." सांगतो खरा, पण लग्नानंतर ओळीत तोही जरा पलीकडेच उभा राहत आला.

उलाऊला याचं कधी वाईट वाटलं नाही. दुसऱ्याच्या मापाचं पायताण जन्मभर घालणाऱ्याला आपला पायच वाकडा वाटतो, तसं तिला आपला हातच चुकार वाटत असे. चौदाव्या वर्षी हातातला बापाचा कोयता घसरून उजव्या नडगीवर वण पडला, तेव्हाही ती बापाला म्हणाली होती, "कोयता चांगला आहे, मीच वाईट आहे."

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. यंदाचं रान तिच्या आईच्या वाटणीचं होतं. चौदा वर्षं पडीक ठेवलेलं, आता पुन्हा पेरणीला आलेलं. आणि लाँग सेबातूत ज्याचं रान तो ओळीत मध्ये उभा राहतो, पहिला वार तोच करतो, मग बाकीचे. मे महिन्यात ओसरीवर बसून सगळे पाळ्या ठरवत होते, तेव्हा पलीकडच्या बिऱ्हाडातली मुजान तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली,

"मध्ये उभी राहा गं बाई, खुशाल राहा. फक्त कोयता घरी ठेवून ये."

सगळे हसले. उलाऊही हसली. कोणीतरी सुचवलं, इंगानला उभा करू मध्ये, नवरा-बायकोचं काय वेगळं असतं? इंगान लगेच म्हणाला, "मी तयार आहे."

"तू तयार असशील," उलाऊ म्हणाली, "पण आई माझी होती. मी उभी राहणार."

बोलून गेली आणि तिची तिलाच भीती वाटली. मध्ये म्हणजे डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस. घळीच्या कडेची ती मोकळी जागा आता मिळायची नव्हती. आणि तिथे उभं राहून कोयता घसरला, कोणाला लागलं, तर आईच्या रानाची सुरुवात रक्ताने. त्या रात्री भांडी घासताना तिच्या डोक्यात पहिल्यांदाच आलं की उजव्या हातासाठी जर पातं एका अंगाला वळवतात, तर डाव्यासाठी दुसऱ्या अंगाला वळवता येईल की! एकावन्न वर्षांत हा साधा विचार कसा सुचला नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. तोही डावाच.

दुसऱ्या दिवशी ती लोहाराकडे गेली. लोहाराला सगळे तामा लिहान म्हणतात, म्हणजे लिहानचा बाप. लिहान स्वतः आता नातवंडांचा आजोबा आहे, तेव्हा बापाचं वय विचारायलाच नको. चाळीस वर्षांत या म्हाताऱ्याच्या हातचं एक पातं फुकट गेलं नाही, असं तो स्वतः सांगतो आणि इतरही कबूल करतात.

"डावा कोयता?" म्हातारा म्हणाला. "माझ्या गुरूच्या गुरूने एक केला होता म्हणे."

"मग तुम्हाला येईल?"

"पोरी, मला काय येत नाही ते विचार. लोखंड आण."

लोखंड निवडायला उलाऊने आठवडा घेतला. इंगानने तीन तुकडे जमवले: लाकूड वाहणाऱ्या मोटारीच्या स्प्रिंगचं एक पान, यांत्रिक करवतीची जुनी पट्टी, आणि होडीच्या पंख्याजवळचा कसलासा दांडा. बाजारात मडकं घेताना बाई करते तसं तिने एकेक तुकडा बोटावर तोलला आणि दगडाने वाजवला. करवतीची पट्टी पत्र्यासारखी थरथरली. दांडा मुका निघाला. स्प्रिंगचं पान मात्र घंटेसारखं वाजलं आणि बराच वेळ वाजत राहिलं.

"हे," ती म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी हेच म्हणालो होतो," इंगान म्हणाला.

"तू म्हणालास. मी ऐकलं."

मग मूठ. पुरुष हरणाच्या शिंगाची मूठ करतात, नक्षी कोरतात, केसांचे गोंडे लावतात. उलाऊला गोंडे नको होते. तिने नदीकाठची चिकणमाती आणली, तिचा मुटका केला आणि वार करताना आवळतो तसा डाव्या मुठीत आवळला. बोटांचे ठसे, अंगठ्याची खळी, करंगळीखालचा उंचवटा, सगळं उमटलं. तो मुटका चुलीच्या कडेला वाळवून तिने इंगानच्या पुढ्यात ठेवला. "अशी मूठ. पेरूच्या लाकडाची." इंगानने परसातली फांदी तोडून तीन संध्याकाळी बसून हुबेहूब मूठ कोरली. मुजानने ती आपल्या उजव्या हातात धरून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ई! दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटतंय."

"आता कळलं?" उलाऊ म्हणाली.

तामा लिहानचीही तयारी जय्यत होती. त्याने उलाऊला भट्टीसमोर उभं केलं, हातात काठी दिली. "मार वार. अजून मार. सावकाश." म्हातारा तिच्या पुढ्यात दहा पावलांवर उकिडवा बसून, डोळे बारीक करून तिचं मनगट कुठे वळतं, कोपर कुठे जातो ते बघत होता आणि बोटाने राखेत रेघा ओढत होता. इंगान तिच्या मागे कुंपणाला टेकून पान खात उभा होता. वीस-पंचवीस वार झाले तेव्हा म्हातारा उठला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बस. डोक्यात बसलं. रविवारी ये."

त्या आठवड्यात इंगान म्यान करायला बसला. दोन फळ्या, आतून पात्याच्या आकाराच्या कोरलेल्या, वरून वेताच्या पट्ट्यांनी आवळलेल्या. डावखुरीचं म्यान उजव्या कमरेला लटकणार, म्हणून गाठीसुद्धा त्याने उलट्या मारल्या. भट्टीवर तो एकदाही पात्याचं माप घ्यायला गेला नाही. "मला माहीत आहे कसं असणार ते," एवढंच म्हणाला.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि सगळी ओसरी तामा लिहानच्या दाराशी जमली. बुधवारी तोडणी सुरू व्हायची होती. म्हाताऱ्याने फडक्यातून कोयता काढला. पातं असं चकाकत होतं की पुढे बसलेल्या बाया आपोआप मागे सरकल्या. पाठीवर बारीक नागमोडी रेघ, शेंड्याला हलका बाक, राळेत घट्ट बसलेली पेरूची मूठ. उलाऊने मूठ धरली तर बोटं आपापल्या जागी जाऊन बसली, घरी आल्यासारखी. तिला रडूच कोसळायचं, पण इंगानने म्यान पुढे केलं.

कोयता म्यानात जाईना.

अर्ध्यावर जाऊन अडकला. इंगानने म्यान फिरवलं, ठोकलं, फुंकर मारली.

"उलटं कोरलंस रे," तामा लिहान म्हणाला. "फुगीर अंगाला खोली नको? चाळीस वर्षं लोक माझ्याकडून मापं घेऊन जातात, आणि हा म्हणे मला माहीत आहे!"

"जावईबुवांनी अक्कल ओढ्यात सोडली, त्या भाताबरोबर," मुजान म्हणाली आणि हशा पिकला. इंगान कान खाजवत राहिला. पुन्हा म्यानात डोकावून पाहत म्हणाला, "मला तर बरोबर वाटतंय."

"चालवून तर बघ," कोणीतरी म्हणालं. केळीचा एक खुंट आणून उभा केला. उलाऊने पाय रोवले आणि तिरका वार केला.

कोयता घसरला. जन्मभर घसरत आला होता तसाच. केळीचं साल सोलत निघाला आणि बाजूच्या कोंबडीच्या टोपलीत रुतला. कोंबडी ओरडत ओसरीभर पळाली. उलाऊने दुसरा वार केला. पुन्हा तेच.

तेवढ्यात इंगानने तिच्या हातून कोयता घेतला. उजव्या हाताने. पेरूची मूठ त्याच्या हातात वेडीवाकडी बसली तरी त्याने सहज म्हणून एक वार केला. खुंटाचे दोन तुकडे झाले, वरचा जागच्या जागी क्षणभर उभा राहिला आणि मग पडला.

"तामा," इंगान अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा उजवा आहे."

म्हाताऱ्याने पातं हातात घेतलं. एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून. राखेत ओढलेल्या रेघा आठवत त्याने स्वतःचा उजवा हात वर केला, मग समोर उभ्या असलेल्या उलाऊकडे पाहिलं. तिचा डावा हात बरोबर त्याच्या उजव्या हाताच्या समोर होता.

"तू समोर उभी होतीस," तो म्हणाला. "तू केलंस तसं मी केलं. तुझा जो हात, त्याच्यासमोरचा माझा हात."

"म्हणजे तुम्ही आरशात बघून कोयता केलात!" मुजान म्हणाली, आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. तामा लिहान आधी रागावला, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिलं पातं चुकलं, आणि तेही उत्तम झालं!"

"आणि इंगानचं म्यान बरोबर होतं," उलाऊ म्हणाली.

"तुला कसं कळलं रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

इंगान संकोचला. "रानाच्या वाटेवर तीस वर्षं मी हिच्या मागून चालतोय. हिचा हात मला पाठीमागूनच माहीत आहे."

बाया "ओऽऽ" करून ओरडल्या. इंगान उठून पाणी प्यायला गेला.

हसणं सगळं खरं होतं, पण संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर उलाऊ बोटांवर दिवस मोजायला लागली. मध्ये दोनच दिवस. कोयत्याला पाच दिवस लागतात. इंगान तिच्याकडे पाहत होता. त्याने "मी उभा राहतो" म्हटलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. तो म्हणाला नाही.

सोमवारी फटफटायच्या आत ती पेजेचं भांडं आणि स्प्रिंगच्या पानाचा उरलेला तुकडा घेऊन भट्टीवर हजर झाली. तामा लिहान आधीच जागा होता. त्यालाही झोप लागली नव्हती.

"मूठ तयार आहे, म्यान तयार आहे," ती म्हणाली. "नुसतं पातं. गोंडे नकोत, नागमोडी रेघ नको."

"रेघ मी घालणार," म्हातारा म्हणाला. "चल, वार कर. पण आज मी तुझ्या मागे."

मग लाँग सेबातूच्या लोकांनी सकाळी अंगणात जे पाहिलं ते अजून सांगतात. पुढे उलाऊ काठीने हवेत वार करत चाललेली, आणि तिच्या मागे दोन पावलांवर तामा लिहान, डाव्या हातात पळी घेऊन, तिच्यासारखाच वार करत, तिच्यासारखाच पाय टाकत. कुंपणाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. कोंबड्यांनी वाट सोडली.

"नाचाची तालीम का, तामा?" मुजानने ओसरीवरून विचारलं.

"ये तू पण मागे! रांग पुरी होईल!"

भट्टीपाशी खरी अडचण निघाली. म्हाताऱ्याचे हात चाळीस वर्षं एकाच बाजूने ठोकत आलेले. लोखंड लाल झालं, त्याने घाव घातला आणि पातं जुन्याच अंगाला वळायला लागलं. दुसऱ्यांदा तापवलं, पुन्हा तेच. त्याने हातोडा डाव्या हातात घेऊन पाहिला तर घाव ऐरणीवर कमी आणि हवेत जास्त. तो घामाने निथळला, खाली बसला.

"डोक्याला कळतंय," म्हणाला. "हाताला कळत नाही."

उलाऊ भाता ओढत होती. तिने भाता इंगानच्या हातात दिला, उठली आणि हातोडा डाव्या हातात घेतला. लाँग सेबातूच्या भट्टीवर बाईने घाव घातलेला कोणी पाहिला नव्हता. तामा लिहानने तिच्याकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं, आणि सांडशीने लाल पातं ऐरणीवर धरलं.

"माझ्या हातावर घाव पडला तर बघ," एवढंच बोलला.

पहिले दोन घाव वाकडे गेले. तिसरा बसला. मग तो सांगत गेला, "शेंड्याकडे. आता हलके. आता तिथेच पुन्हा, भाताला बोट लावतेस तसं नको, मीठ कुटतेस तसं," आणि ती ठोकत गेली. तिचा डावा हात जसा आपसूक पडत होता, तशीच पात्याला खोली येत होती. दुपारपर्यंत पातं तळहातासारखं वळलं, बरोबर उलट्या अंगाला. खांदा इतका दुखत होता की जेवताना तिला भाताचा घास उचलेना. तिने उजव्या हाताने खाल्लं, अर्धा मांडीवर सांडला.

मंगळवारी म्हाताऱ्याने धार काढली, पाण्यात बुडवून पातं कडक केलं, आणि रेघ घातलीच. पहिल्या कोयत्याची मूठ तापवून राळ वितळवली, ती नव्या पात्याला बसवली. पहिल्या कोयत्याला इंगानने आपली जुनी शिंगाची मूठ लावली आणि तो आपल्या कमरेला बांधून टाकला. कोणी विचारलंही नाही तो कोणाचा म्हणून. नवा कोयता म्यानात घातला. सर्रकन गेला आणि शेवटी हलकेच टक् असा वाजला. इंगानने कोणाकडे पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते.

बुधवारी धुकं उतारावर असतानाच ओळ लागली. एकोणतीस माणसं. उलाऊ मध्ये उभी राहिली, आणि ओळ आपोआप तिच्या दोन्ही बाजूंना फाकली. डावीकडे तीन माणसांची जागा, उजवीकडे तीन माणसांची. डाव्या अंगाला मुजान होती, छत्रीएवढी टोपी घालून, लांब.

उलाऊसमोर मनगटाएवढी वेल होती, आईने तोडली असेल तिच्याच मुळातून पुन्हा वर आलेली. तिने डावा हात उचलला आणि वार केला.

पातं वेलीत शिरलं, पलीकडे निघालं आणि तिच्या पायापासून वीतभर पुढे मातीत थांबलं. कुठे उडालं नाही. नुसतं थांबलं. वेल तिच्या पुढ्यात पडली.

"हं," मुजान म्हणाली.

दुसरा वार. तिसरा. ओळ कामाला लागली. उलाऊ मान वर न करता तोडत होती; तिला फक्त पात्याचा आवाज ऐकू येत होता, प्रत्येक वेळी एकसारखा, आखूड, स्वच्छ. खांद्याचं दुखणं कधी थांबलं ते कळलं नाही. कधीतरी तिने घाम पुसायला डोकं वर केलं तर उजवीकडची माणसं दोन पावलं जवळ आली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दीड हातावर होती. दीड हात म्हणजे इतरांच्या मध्ये असतो तेवढाच. आणि डावीकडे तिच्या टोपीला काहीतरी घासलं. मुजानची टोपी.

"काय गं, इतकी जवळ?" उलाऊ म्हणाली.

"जरा गप्प बस," मुजान म्हणाली, "एक सांगायचंय. तीस वर्षं तुला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं, आणि ते अख्ख्या ओळीला कळतं." मग ती तोडता तोडताच वाकली आणि उलाऊच्या कानात काहीतरी कुजबुजली.

उलाऊ इतकी हसली की तिला कोयता मातीत रोवून त्याच्यावर टेकून उभं राहावं लागलं.

"काय? काय म्हणाली ती?" उजवीकडून कोणीतरी विचारलं. "काय झालं?" ओळीच्या टोकावरून तामा लिहानचा आवाज आला. "ए, आम्हाला पण सांगा की!" घळीच्या कडेला, काट्यांत यंदा इंगान उभा होता. त्यानेही हात थांबवून मान उंच केली.

दोघींनी कोणालाच काही सांगितलं नाही. तोंडं दाबून, पुन्हा वाकून, त्या शेजारीशेजारी तोडायला लागल्या.